स्पर्धेचे दडपण आणि दमसासाचा व्यायाम

झाशी म्हटले की मराठी वाचकाला प्रथम नेवाळकरांचे संस्थान आणि राणी लक्ष्मीबाई आठवतात. भारतीय क्रीडाक्षेत्रात मात्र हे शहर मेजर ध्यानचंद यांचे गाव म्हणून ओळखले जाते. त्यांचा जन्मदिन, २९ ऑगस्ट, राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा होतो आणि २०१९ मध्ये ‘फिट इंडिया’ चळवळीचा प्रारंभही याच दिवशी करण्यात आला. तंदुरुस्ती आणि स्पर्धेतील यश यांचा संबंध सर्वांना मान्य आहे. परंतु तंदुरुस्तीसाठी केलेला व्यायाम खेळाडूच्या मनावरील दडपण कितपत हलके करतो आणि त्यातून त्याची कामगिरी खरोखर सुधारते का, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो.

हा प्रश्न केवळ क्रीडा-मानसशास्त्राचा नाही. ग्रामीण व निमशहरी भागांतील अनेक कुटुंबांसाठी खेळ हे आर्थिक उन्नतीचे साधन आहे. रेल्वे, सैन्यदल, पोलीस या खात्यांत खेळाडूंची भरती होते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. वर्षानुवर्षांच्या मेहनतीचा निकाल निवड चाचणीतील काही मिनिटांत लागतो. सरावात उत्तम ठरणारा खेळाडू त्या काही मिनिटांत गळपटला, तर कुटुंबाने आणि शासनाने केलेल्या गुंतवणुकीचा परतावा बुडतो. म्हणूनच स्पर्धापूर्व चिंता कमी करण्याचा जो उपाय स्वस्त, निर्धोक आणि सर्वांच्या आवाक्यातला असेल, त्याचा अभ्यास विकासाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो.

बर्लिनचा दाखला

स्पर्धेच्या दडपणाचे एक बोलके उदाहरण ध्यानचंद यांच्याच कारकिर्दीत सापडते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी ते भारतीय हॉकी संघाचे कर्णधार होते. त्यांचे बंधू रूपसिंग हेही संघात होते. बर्लिनला पोहोचल्यानंतर १७ जुलै रोजी झालेल्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरविले. १९२८ आणि १९३२ ची सुवर्णपदके जिंकणाऱ्या संघाला हा मोठा धक्का होता. या पराभवाने खेळाडूंची झोप उडाल्याचे ध्यानचंद यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. तार करून भारतातून दारा या खेळाडूस बोलावून घेण्यात आले.

पावसामुळे एक दिवस लांबलेला अंतिम सामना १५ ऑगस्ट १९३६ रोजी पुन्हा जर्मनीशीच झाला. सामन्यापूर्वी पंकज गुप्ता यांनी पोशाखगृहात तिरंगा दाखविला आणि खेळाडूंनी त्याला अभिवादन केले. मध्यंतरापर्यंत भारताकडे अवघ्या एका गोलाची आघाडी होती. उत्तरार्धात भारताने आणखी सात गोल केले आणि सामना ८-१ असा जिंकला. उत्तरार्धात ध्यानचंद यांनी खिळ्यांचे बूट उतरवून ठेवले होते, हेही प्रसिद्ध आहे.

या विजयाचे श्रेय कोणत्याही एका कारणाला देता येणार नाही. कौशल्य, दारा यांचे आगमन, ओले मैदान, राष्ट्रभावना या सर्वांचा त्यात वाटा होता. तथापि दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. सर्वोत्तम खेळाडूंनाही चिंता ग्रासते, ही पहिली. दुसरी अशी की, ७० मिनिटांच्या खेळाच्या उत्तरार्धात सात गोल करण्यासाठी लागणारा दमसास आयत्या वेळी मिळत नाही. तो अनेक वर्षांत साठवावा लागतो. अभिवादनाने मन सावरले असेल, पण सावरलेल्या मनाला साथ देणारे शरीर आधीच तयार होते.

चिंता म्हणजे नेमके काय?

चिंतेचे दोन प्रकार मानसशास्त्रात मानले जातात. विशिष्ट प्रसंगी उद्भवणारी आणि प्रसंग सरल्यावर ओसरणारी ती प्रासंगिक चिंता. कोणत्याही प्रसंगाकडे धास्तीने पाहण्याची जी कायमची प्रवृत्ती असते, ती स्वभावगत चिंता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पीलबर्गर यांनी या दोहोंसाठी प्रत्येकी २० विधानांची प्रश्नावली तयार केली. खेळाडूंसाठी रेनर मार्टेन्स यांनी १९७७ मध्ये १५ विधानांची स्वतंत्र चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यातील १० विधानांना गुण दिले जातात आणि एकूण गुण १० ते ३० च्या दरम्यान येतात. पुढे मार्टेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पर्धेच्या चिंतेचे वैचारिक आणि शारीरिक असे दोन घटक वेगळे केले व आत्मविश्वास हा तिसरा घटक जोडला. ‘आपण हरलो तर?’ हा विचार वैचारिक चिंतेचा. तळहाताला सुटणारा घाम, कोरडा घसा, पोटातील कालवाकालव आणि छातीतील धडधड ही शारीरिक चिंतेची लक्षणे होत.

चिंता नेहमीच घातक असते असे नाही. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मांडलेले तत्त्व पुढे खेळालाही लावण्यात आले. उत्तेजना अगदी कमी असेल तर कामगिरी मंदावते, मध्यम असेल तर ती बहरते आणि मर्यादा ओलांडताच घसरते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यात घटत्या सीमांत फलाचा नियम दिसेल. ही मर्यादा प्रत्येक खेळाडूची आणि प्रत्येक खेळाची निराळी असते. कुस्तीगिराला चालणारी उत्तेजना नेमबाजाला मारक ठरू शकते.

चिंतेचा कामगिरीवर होणारा परिणामही अवाजवी फुगवून सांगणे योग्य नाही. टिम वुडमन आणि लू हार्डी यांनी २००३ मध्ये ४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात वैचारिक चिंता आणि कामगिरी यांचा सहसंबंध उणे ०.१०, तर आत्मविश्वास आणि कामगिरी यांचा सहसंबंध अधिक ०.२४ इतका आढळला. म्हणजे चिंता घालविण्यापेक्षा आत्मविश्वास वाढविण्याचे मोल अधिक आहे. व्यायामाकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे.

संशोधन काय सांगते?

चालणे, धावणे, पोहणे, सायकल चालविणे यांसारख्या, मोठ्या स्नायूंना लयबद्ध हालचाल देणाऱ्या आणि शरीराला ऑक्सिजनचा पुरवठा होत असताना दीर्घकाळ टिकणाऱ्या व्यायामास एरोबिक व्यायाम म्हणतात. मराठीत त्याला दमसासाचा व्यायाम म्हणणे सयुक्तिक ठरेल. डॉ. केनेथ कूपर यांच्या १९६८ मधील पुस्तकाने हा शब्द जगभर रूढ केला. बारा मिनिटांत किती अंतर धावता येते, ही त्यांची साधी चाचणी आजही अनेक मैदानांवर घेतली जाते.

स्टीव्हन पेट्रुझेलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये तोपर्यंतच्या संशोधनाचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. एरोबिक व्यायामाने चिंता कमी होते, जड वजने उचलण्यासारख्या अल्पकालीन जोरकस व्यायामाने तसा परिणाम दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. प्रासंगिक चिंता कमी होण्यासाठी व्यायाम किमान २० मिनिटांहून अधिक काळ चालावा लागतो. स्वभावगत चिंतेत फरक पडण्यासाठी मात्र कार्यक्रम दहा आठवड्यांहून अधिक चालवावा लागतो. व्यायामानंतरचा निवांतपणा साधारणपणे काही तास टिकतो. नियमित व्यायामाने होणारा बदल अधिक खोलवरचा असतो.

या निष्कर्षांना दोन मर्यादा आहेत. मायकेल बार्क आणि विल्यम मॉर्गन यांनी १९७८ मध्ये ७५ पुरुषांवर केलेल्या प्रयोगात एका गटाने २० मिनिटे व्यायाम केला, दुसऱ्याने ध्यान केले आणि तिसरा गट आरामखुर्चीत शांत बसून राहिला. तिन्ही गटांची चिंता कमी झाली! म्हणजे व्यायामाचा तात्कालिक लाभ काही अंशी नित्याच्या विवंचनांपासून मिळणाऱ्या विरामाचा असतो. दुसरी मर्यादा अशी की, यातील बहुतांश संशोधन सर्वसामान्य व्यक्तींवर झाले आहे. जो आधीच दररोज घाम गाळतो, त्या खेळाडूला मिळणारा अतिरिक्त लाभ तुलनेने कमी असणार. ज्या खेळांत धावणे अंगभूत नाही, उदाहरणार्थ नेमबाजी, तिरंदाजी, बुद्धिबळ, कॅरम, त्या खेळांतील खेळाडूंना आणि नवोदितांना तो अधिक मिळण्याची शक्यता असते.

धडधडीची ओळख

व्यायामाने चिंता का कमी होते, याची अनेक कारणे दिली जातात. नियमित व्यायामाने विश्रांतीच्या वेळची हृदयगती मंदावते, हृदयाला शांत करणारी चेतासंस्था अधिक सक्षम होते, झोप सुधारते. यांहून वेगळे आणि खेळाडूच्या दृष्टीने फार उपयुक्त असे एक कारण आहे. धडधड, धाप आणि घाम ही चिंतेची लक्षणे आहेत, तशीच ती धावण्याचीही लक्षणे आहेत. जो आठवड्यातून अनेकदा ती स्वेच्छेने अनुभवतो आणि थोड्या वेळाने ती आपोआप शमतात हे पाहतो, त्याला स्पर्धेच्या दिवशी तीच धडधड अनोळखी वाटत नाही. ब्रोमन-फुल्क्स व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये केलेल्या अभ्यासात, वीस मिनिटांच्या अवघ्या सहा सत्रांनंतर शारीरिक लक्षणांची भीती कमी झाल्याचे दिसून आले.

हॉकीत खेळाडूला धडधडत्या छातीनेच धावायचे असते. नेमबाजाला मात्र धडधडत्या छातीने स्थिर राहायचे असते. त्यामुळे हा मुद्दा त्या खेळात सर्वाधिक स्पष्ट होतो. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यात कांबळवाडी येथे वाढलेल्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील खाशाबा जाधव यांच्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळविलेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पोटात कालवाकालव होत असल्याने आपण काही खाल्ले नाही, केवळ काळा चहा घेतला, हृदयाचे ठोके फार वाढले होते आणि आपण श्वासावर नियंत्रण ठेवले, असे त्यांनी अंतिम फेरीनंतर माध्यमांना सांगितले होते. पदकविजेत्याच्या छातीतही धडधड होतीच. मात्र तिने त्याचा नेम ढळू दिला नाही.

याच धडधडीसाठी काहींनी औषधाची पळवाटही शोधली. बीटा ब्लॉकर गटातील औषधे हृदयगती मंदावतात व हाताची थरथर कमी करतात. म्हणूनच नेमबाजी आणि तिरंदाजीत त्यांवर बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचे नेमबाज किम जोंग-सू यांच्या चाचणीत प्रोप्रानोलॉल आढळल्याने त्यांची दोन पदके काढून घेण्यात आली. औषधाने जे चोरून मिळविले जाते, त्याचा काही भाग दमसासाचा व्यायाम उजळ माथ्याने मिळवून देतो.

मात्र व्यायाम हा मनाच्या प्रशिक्षणाला पर्याय नव्हे. श्वसन, एकाग्रता, कल्पनाचित्रण यांचे स्वतंत्र शिक्षण आवश्यक असते. नाशिकचे निवृत्त पोलीस अधिकारी भीष्मराज बाम यांनी २०१७ मध्ये निधन होईपर्यंत योगशास्त्राच्या आधारे अनेक नामवंत खेळाडूंना हे शिक्षण दिले. दमसासाचा व्यायाम ही त्या शिक्षणाची पूर्वतयारी मानावी.

अतिरेकाचा धोका

वीस मिनिटे चांगली, तर दोन तास अधिक चांगले, हा तर्क येथे फसतो. विस्कॉन्सिन विद्यापीठात मॉर्गन व सहकाऱ्यांनी दहा वर्षांत सुमारे ४०० जलतरणपटूंच्या मनःस्थितीची नोंद ठेवली. सरावाचा भार वाढला की ताण, खिन्नता आणि थकवा वाढत गेला. स्पर्धेपूर्वी भार कमी केला की तो ओसरला. दुसरा धोका बळाचा आहे. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये दहा आठवड्यांच्या प्रयोगात बळ आणि दमसास या दोहोंचा कठोर सराव एकाच वेळी करवून घेतला. शेवटच्या आठवड्यांत बळाची वाढ थांबून ती घसरणीस लागली. भारोत्तोलक, गोळाफेकपटू किंवा धावपटूंमधील अतिवेगवान खेळाडू यांना लांब पल्ल्याची धाव सरसकट लावणे त्यामुळे अयोग्य ठरते. प्रत्येक तासाला संधी-व्यय असतो: धावण्यात गेलेला वेळ कौशल्याच्या सरावातून वजा होतो.

मैदान, अन्न आणि सावली

हा व्यायाम फुकट आहे, असे सर्रास म्हटले जाते. वास्तविक त्याला तीन गोष्टींची किंमत मोजावी लागते: मोकळी जागा, पुरेसे अन्न आणि योग्य वेळ.

झाशीचेच उदाहरण घेतले तर जुने शहर तटबंदीच्या आत, खंडेराव दरवाजासारख्या वेशींच्या आड दाटीने वसले. इंग्रज अमदानीत तटबंदीबाहेर सिव्हिल लाइन्स वसविण्यात आली, ती प्रशासकीय कचेऱ्या, बंगले आणि रुंद रस्त्यांसाठी. देशातील बहुतेक जिल्हा शहरांची घडण अशीच आहे. धावण्याजोगी जागा एका भागात एकवटते आणि दाट वस्तीतील मुलाला, विशेषतः मुलीला, पहाटे तेथवर पोहोचण्याचीच अडचण असते. नगर नियोजनात दाट वस्तीनजीक धावपट्टी, पुरेसा प्रकाश आणि सुरक्षितता यांची तरतूद होणे हा त्यामुळे क्रीडाधोरणाचाही भाग ठरतो. बुंदेलखंडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. विदर्भातील स्थिती वेगळी नाही. अशा हवेत सूर्योदयानंतर लवकरच धावणे धोक्याचे होते.

अन्नाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ५० किलो वजनाच्या मुलीने अर्धा तास मध्यम गतीने धावल्यास सुमारे २०० किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. म्हणजे साधारण ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठातून मिळते तेवढी. हे अन्न ताटात वाढले नाही, तर व्यायाम शरीर झिजवितो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त होत्या. रक्तक्षयात ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते. थोड्या श्रमाने धाप लागते, छाती धडधडते. हीच लक्षणे चिंतेचीही आहेत. ‘ही मुलगी स्पर्धेत घाबरते’ असा शेरा मारण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन तपासणे आवश्यक आहे. मनाचा दोष म्हणून ज्याची नोंद होते, तो कित्येकदा ताटातील लोहाचा अभाव असू शकतो.

प्रशिक्षकांसाठी आराखडा

उपरोक्त विवेचनाच्या आधारे जिल्हा पातळीवरील प्रशिक्षण केंद्रांना पुढीलप्रमाणे आराखडा आखता येईल.

१. प्रारंभी हिमोग्लोबिन तपासणी, बारा मिनिटांची धाव आणि चिंतेची प्रश्नावली अशी तिहेरी नोंद घ्यावी. प्रश्नावली खेळाडूच्या भाषेत असावी व तिचा उपयोग निवडीसाठी नव्हे, केवळ मदतीसाठी व्हावा. अन्यथा खेळाडू खरी उत्तरे देणार नाहीत.

२. मुख्य स्पर्धेच्या किमान बारा आठवडे आधी, आठवड्यातून तीन दिवस, २५ ते ३० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुरू करावा. २२० मधून वय वजा केल्यास कमाल हृदयगतीचा स्थूल अंदाज येतो. त्याच्या ६० ते ७५ टक्के इतकी गती राखावी. अठरा वर्षांच्या खेळाडूसाठी ती मिनिटाला सुमारे १२१ ते १५२ ठोके होते. यंत्र नसल्यास, धावताना छोटी वाक्ये बोलता यावीत पण गाता येऊ नये, ही खूण पुरेशी आहे.

३. हॉकी, फुटबॉल, कबड्डी यांसारख्या खेळांत हा व्यायाम नेहमीच्या सरावातच बसवावा. नेमबाजी, तिरंदाजी यांसाठी तो स्वतंत्रपणे द्यावा. बळाच्या खेळांत तो मर्यादित ठेवावा.

४. शेवटच्या आठवड्यात भार कमी करावा. स्पर्धेच्या सकाळी दीर्घ धाव देऊ नये. हलके अंग मोकळे करणे पुरेसे असते.

५. बारा आठवड्यांनंतर पुन्हा तिहेरी नोंद घ्यावी. झोप उडणे, भूक मंदावणे, खेळातील रस जाणे ही लक्षणे टिकून राहिल्यास व्यायाम वाढवू नये. खेळाडूस मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवावे.

समारोप

२००१ च्या राष्ट्रीय क्रीडा धोरणाची जागा घेणाऱ्या ‘खेलो भारत नीती’ला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मान्यता दिली. मैदाने आणि साहित्य यांवरील गुंतवणूक वाढत असताना, ती गुंतवणूक निर्णायक क्षणी फलद्रूप व्हावी यासाठी खेळाडूच्या मनाचा विचार अपरिहार्य आहे. दमसासाचा व्यायाम चिंता नाहीशी करीत नाही आणि तशी अपेक्षाही करू नये. तो चिंता काहीशी कमी करतो, धडधडीची भीती घालवितो आणि ‘आपले शरीर शेवटपर्यंत साथ देईल’ हा विश्वास देतो. पुरेसे अन्न, जवळचे सुरक्षित मैदान आणि प्रमाणाचे भान असलेला प्रशिक्षक या तीन गोष्टी लाभल्या, तरच हा लाभ झाशीच्या तटबंदीआतील मुलापर्यंत आणि राधानगरीच्या डोंगरातील मुलीपर्यंत सारखाच पोहोचेल.